कळसूबाईच्याही वर

पुण्यातलं आमचं खडकी समुद्रसपाटीपासून साधारण 560 मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1,646 मीटर. आणि पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दिल्लीला निघालेल्या विमानात खिडकीशी बसलेले आजोबा अर्ध्या तासात ज्या हवेत श्वास घेऊ लागतात, ती 2,400 मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असू शकते. त्यांना याचा पत्ता नसतो. कानात थोडे दडे बसतात, एक जांभई येते, दडे सुटतात आणि ते पेपर उघडतात. बाहेर विमान 35,000 फुटांवर असतं. आतली हवा मात्र दाब देऊन फार तर 8,000 फुटांवरच्या हवेसारखी ठेवलेली असते. या दोन आकड्यांमधल्या फरकावर मी माझी सगळी नोकरी केली आहे. मी केबिन क्रू आहे आणि आता काही वर्षं नव्या मुलामुलींना शिकवतेही.

ही हवा येते इंजिनांमधून. तिथे दाबली गेलेली गरम हवा थोडी काढून घेतात, थंड करतात आणि केबिनमध्ये सोडतात. शेपटीकडच्या एका झडपेतून ती बेताबेताने बाहेर जाऊ देतात. आत येणारी आणि बाहेर जाणारी हवा यांचा मेळ बसला की दाब टिकतो. झडप, दाराची रबरी कड, हवा आणणारं यंत्र, कुठेही बिघाड झाला की मेळ चुकतो. 35,000 फुटांवर बाहेरचा दाब समुद्रसपाटीवरच्या दाबाच्या साधारण चौथा हिस्सा असतो. ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही 21 टक्केच, पण दाब नसल्यामुळे तो पुरेसा रक्तात उतरत नाही. त्या उंचीवर माणसाला स्वतःसाठी उपयोगाचं काही करता येईल असा वेळ 30 ते 60 सेकंदांचा. 25,000 फुटांवर तीन ते पाच मिनिटं. दाब एका झटक्यात गेला तर हाही वेळ निम्म्यावर येतो. मी वर्गात हे आकडे सांगते तेव्हा मुलं लिहून घेतात. मग मी त्यांना वही मिटून एक मिनिट गप्प बसायला सांगते आणि घड्याळ लावते. एक मिनिट किती छोटं असतं हे तेव्हा कळतं.

पण वेळेपेक्षा मला जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते, आणि ती मला पहिल्यांदा सांगितली आमच्या खडकीतल्या एका शेजाऱ्यांनी. खडकीत लष्करी माणसं पावलोपावली. माझे वडील दारूगोळा कारखान्यात होते. 1869 सालचा तो कारखाना, आमच्या आळीतली अर्धी घरं त्याच्यावर चालायची. शेजारचे काका हवाई दलातून निवृत्त झालेले. मी या नोकरीत निवड झाल्याचे पेढे द्यायला गेले तेव्हा त्यांनी मला बसवून घेतलं आणि बंगळुरूच्या हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेतल्या चेंबरबद्दल सांगितलं. एका बंद खोलीतली हवा विरळ करत नेतात आणि आतल्या माणसाला मास्क काढून वजाबाक्या करायला देतात. काका म्हणाले, "बाळा, मी झकास गणितं सोडवत होतो. मजा वाटत होती. बाहेर आल्यावर माझा कागद दाखवला, तर तिसऱ्या ओळीपासून नुसत्या रेघोट्या. मला आतून काहीच कळलं नव्हतं." आणि मग त्यांनी मला विचारलं, "घाबरलेल्या माणसाला वाचवता येतं. ज्याला मजा वाटतेय त्याचं काय करशील?"

ऑक्सिजन कमी पडला की आधी जातो तो विवेक. नखं निळसर होतात, बोटं जड होतात, कुणी उगाच हसतं, कुणी चिडतं, कुणाला छान झोप येते. दुखत काहीच नाही. दम लागेल, गुदमरेल असं लोकांना वाटतं, तसं होत नाही. म्हणून या संकटात आपली अवस्था आपल्याला कळेल यावर भरवसा ठेवता येत नाही. दुसऱ्याकडे बघावं लागतं आणि दुसऱ्याने आपल्याकडे.

माझ्या वाट्याला हे आलं ते दिल्लीहून पुण्याला येणाऱ्या संध्याकाळच्या विमानात. कंपनीचं नाव इथे महत्त्वाचं नाही. विमान भरलेलं. दिवाळीच्या सुट्टीला येणारी मुलं, नातवंडांना भेटून परतणाऱ्या आज्या, लॅपटॉप उघडून बसलेले आयटीवाले. खाणं वाटून होत आलं होतं. मी मधल्या भागात ट्रॉलीशी होते, माझ्यासमोर ट्रॉलीच्या दुसऱ्या टोकाला सांगलीकडची एक नवी मुलगी. विमानात इतरांसमोर ती मला मॅम म्हणायची, गॅलीत पडद्याआड ताई. तिने त्या दिवशी ट्रॉलीवरून वाकून हळूच विचारलं, "ताई, आपण खाली उतरायला लागलोय का? माझ्या कानात दडे बसतायत."

उतरायला अजून बराच वेळ होता. विमान सरळ चाललं होतं. मी गिळून पाहिलं, माझेही कान बंद झाले होते. ट्रॉलीच्या वरच्या खणात चिवड्याची पाकिटं होती. उंचीवर ती नेहमी थोडी फुगतातच, पण आत्ता त्यांच्या कडा ताठरल्या होत्या. मागच्या बाजूला एक तान्हं बाळ रडायला लागलं होतं. ते भुकेचं रडणं नव्हतं. चढताना-उतरताना कानांसाठी बाळं रडतात तसं किंचाळणं होतं.

सरळ उडणाऱ्या विमानात कान बसायचं कारण नाही. मी तिला ट्रॉलीला ब्रेक लावायला सांगितलं आणि इंटरकॉम घ्यायला वळले. मी तिथे पोचायच्या आतच डोक्यावरची झाकणं एकदम उघडली आणि सगळ्या केबिनभर पिवळे मास्क लोंबू लागले. केबिनची हवा साधारण 14,000 फुटांच्या हवेइतकी विरळ झाली की ते आपोआप पडतात. पाठोपाठ कॅप्टनचा आवाज, मास्कमधून आल्यामुळे घोगरा: "इमर्जन्सी डिसेंट, इमर्जन्सी डिसेंट." विमानाचं नाक खाली गेलं, इंजिनांचा आवाज मंदावला आणि पंखांवरच्या पट्ट्या उघडल्यामुळे सगळं विमान थरथरायला लागलं.

अशा वेळी आम्ही काय करायचं ते एका ओळीत सांगता येतं: जिथे आहात तिथेच, हाताला लागेल तो पहिला मास्क स्वतःच्या तोंडावर, आणि कशाला तरी घट्ट धरून बसा. आपल्या जागेवर धावायचं नाही. कुणाला मदत करायला जायचं नाही. त्या विमानात तीन आसनांच्या वर चार मास्क असतात, तो चौथा अशाच कुणासाठी तरी असतो. मी जवळच्या रांगेतला तो चौथा ओढला, नाकातोंडावर दाबला, आसनांच्या मधल्या जागेत गुडघे टेकले आणि आसनाच्या दांडीला एक हात गुंडाळला. सांगलीची मुलगी समोरच्या रांगेत तशीच बसलेली दिसली. तिचा मास्क नीट होता, हे मी आधी पाहिलं.

माझ्या रांगेत एक तरुण आई होती, मांडीवर चारेक वर्षांचा मुलगा. ती त्याच्या तोंडावर मास्क धरायचा प्रयत्न करत होती आणि तो मान फिरवत होता. तिचा स्वतःचा मास्क तिच्या डोळ्यांसमोर झुलत होता. आपल्याकडे आई सगळ्यांना वाढून झाल्यावर जेवते. ती त्या क्षणी तेच करत होती, आणि कुणीही आई तेच करेल. पण मास्क अडवणाऱ्या मुलाशी झगडता झगडता तिचं अर्धं मिनिट गेलं असतं तर तिचे हात ढिले पडले असते, आणि तो मास्क पुन्हा लावून द्यायला कुणीच उरलं नसतं. मुलाला दोन सेकंद उशिरा मास्क लावला तरी ते वाचतं. मी तिचा मास्क पकडला, तिच्या तोंडावर बसवला आणि दोन बोटांनी खूण केली: आता त्याला. तिने लावला. हे करायला मला उठावं लागलं नाही, नाहीतर मी केलं नसतं. त्या चार-पाच मिनिटांत हात पोचत नव्हता अशा अनेकांकडे मी नुसतं बघत राहिले. या कामातलं सगळ्यांत अवघड काही असेल तर ते हे बसून राहणं आहे.

पलीकडच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी मास्क लावला आणि लगेच काढला. पिशवी फुगत नव्हती म्हणून त्यांना वाटलं तो बंद आहे. मी जोरजोरात मान हलवत राहिले, शेवटी त्यांच्या शेजारणीने तो परत त्यांच्या तोंडावर दाबला. पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. मास्क खाली ओढला की वरच्या छोट्या डब्यातली रासायनिक क्रिया सुरू होते आणि त्या रांगेला साधारण 12 ते 15 मिनिटं ऑक्सिजन मिळतो. विमानाला 10,000 फुटांवर यायला तेवढा वेळ लागत नाही. तो डबा तापतो, त्यावरची धूळ जळते आणि करपल्याचा वास सुटतो. आमच्याही केबिनमध्ये तो सुटला आणि मागून कुणीतरी "आग, आग" असं ओरडलं. मास्क लावलेला असताना ओरडून उत्तर देता येत नाही. मी हात वर करून सावकाश खाली दाबत राहिले. जे मला बघू शकत होते ते शांत झाले, आणि त्यांच्याकडे बघून त्यांच्या मागचे.

विमान 10,000 फुटांवर सरळ झालं. माळव्यावर आणि आपल्या सह्याद्रीवर हे सोपं असतं, कारण खाली इतका उंच डोंगरच नाही. लेहला जाताना तसं नसतं. तिथली धावपट्टीच 10,600 फुटांच्या वर आहे आणि चहूकडे त्याहून उंच पर्वत, म्हणून तिथल्या उड्डाणांसाठी कुठून वळायचं आणि कसं उतरायचं याचे वेगळे मार्ग आधीच आखलेले असतात.

कॅप्टनने मास्क काढायला हरकत नाही असं सांगितलं आणि आमचं खरं काम सुरू झालं. आधी कॉकपिट: इंटरकॉमवरून दोघांशीही बोलायचं, एकाशी नव्हे. मग क्रूमधल्या प्रत्येकाचा चेहरा. मग छोटे सिलिंडर खांद्याला अडकवून प्रवासी. आणि स्वच्छतागृहं, जी लोक विसरतात. मागच्या स्वच्छतागृहात एक आजी होत्या. आत मास्क पडला होता, पण त्यांना तो काय आहे हेच समजलं नव्हतं. दार उघडलं तेव्हा त्या कमोडच्या झाकणावर बसून होत्या, ओठ फिके, आणि मला बघून प्रसन्न हसल्या. "काही नाही गं, जरा बरं वाटतंय," असं म्हणाल्या. मला काकांचा कागद आठवला. सिलिंडरचा मास्क लावून दोन मिनिटं झाल्यावर मात्र त्या घाबरल्या, थरथर कापायला लागल्या, माझा हात सोडेनात. घाबरल्या म्हणजे भान परत आलं, असं मला त्या दिवशी वाटलं, आणि अजूनही वाटतं.

झटकन खाली आल्यामुळे कानांचे हाल झाले होते. ज्यांना सर्दी होती त्यांना जास्त. दोघातिघांच्या नाकातून रक्त येत होतं. बाळाला आईने पाजायला घेतलं तसं ते शांत झालं, कारण गिळण्याने कान मोकळे होतात. मोठ्यांना आम्ही नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, हलकेच हवा दाबायला सांगत होतो. आम्ही इंदूरला उतरलो. अग्निशमन दलाच्या गाड्या धावपट्टीलगत धावत आल्या, डॉक्टर आले, काहींना दवाखान्यात नेलं, त्यातल्या आजी दुसऱ्या दिवशी घरी गेल्या. चौकशी रीतसर झाली. बिघाड यंत्रातला होता आणि तो शोधणं माझं काम नव्हतं.

मी नंतर फार वाचलं. मुंबईची 20 सप्टेंबर 2018 ची घटना अनेकांना आठवत असेल. जेट एअरवेजचं मुंबई–जयपूर विमान, 166 प्रवासी. हवेचा दाब धरणाऱ्या यंत्रणेचा ब्लीड स्विच चालू करायचा राहून गेला. विमान चढत राहिलं, मास्क पडले, 30 च्या वर प्रवाशांच्या नाकाकानांतून रक्त आलं आणि विमान मुंबईला परत उतरलं. वर्तमानपत्रांत रक्ताळलेल्या रुमालांचे फोटो आले. लोकांना ते रक्त भयंकर वाटलं. पण मला त्या बातमीत महत्त्वाचं वाटलं ते हे की विमान फार वर जायच्या आत परत फिरलं आणि सगळे जिवंत उतरले.

कारण 14 ऑगस्ट 2005 ला तसं झालं नव्हतं. सायप्रसच्या लार्नाकाहून अथेन्सला निघालेलं हेलिऑस कंपनीचं बोइंग 737. दाबाच्या यंत्रणेचा स्विच आदल्या तपासणीनंतर हाताने चालवायच्या खुणेवर राहिला होता. चढताना धोक्याचा भोंगा वाजला, पण उड्डाणाआधीच्या दुसऱ्या एका इशाऱ्यालाही तोच आवाज होता, आणि वैमानिकांनी तो त्याचा समजला. ते जमिनीवरच्या इंजिनिअरशी बोलत राहिले आणि बोलता बोलता त्यांचं भान गेलं. विमान स्वतःच्या स्वतः 34,000 फुटांवर गेलं आणि अथेन्सजवळ घिरट्या घालत राहिलं. ग्रीक हवाई दलाच्या एफ-16 विमानांनी जवळ जाऊन पाहिलं तेव्हा केबिनमध्ये मास्क लोंबताना दिसले. शेवटी एक माणूस कॉकपिटमध्ये शिरताना दिसला. तो केबिन क्रूमधला आन्द्रेआस प्रोद्रोमू, वय 25, आमच्यासारखाच खांद्याला छोटा सिलिंडर अडकवणारा. त्याच्याकडे वैमानिकाचा परवाना होता, पण तोपर्यंत इंधन संपलं. विमानातल्या 121 पैकी कुणीही वाचलं नाही.

मी या तरुणाबद्दल वर्गात दरवेळी बोलते. तो शेवटपर्यंत चालत राहिला, शुद्धीवर राहिला, दारापर्यंत पोचला. पण मास्क पडल्यानंतरही विमान वर चढत होतं, त्या पहिल्या काही मिनिटांत केबिनमध्ये नेमकं काय झालं हे सांगायला कुणी उरलं नाही. त्या काळी शिकवण अशी होती की मास्क लावा आणि विमान सरळ होईपर्यंत थांबा. आता आम्ही शिकवतो: मास्क पडले आणि विमान खाली जात नसेल तर थांबू नका. कॉकपिटला कॉल करा, दार ठोका, उत्तर नाही आलं तर दाराचा इमर्जन्सी कोड टाका.

हे म्हणणं सोपं आहे. आपल्याकडे मोठ्या माणसाला उगाच त्रास देऊ नये असं लहानपणापासून अंगात मुरवतात, आणि कॉकपिट म्हणजे चार पट्ट्यांचा गणवेश. नव्या मुलांना तिथे फोन करायला धीर होत नाही. "मॅम, काही नसलं आणि कॅप्टन ओरडले तर?" हा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक वर्गात येतो. मी सांगते, ओरडले तर आनंद माना, म्हणजे ते शुद्धीवर आहेत. पण उत्तर एवढ्यावर भागत नाही हे मला माहीत आहे. धीर वर्गात येत नाही, तो कॅप्टनने द्यावा लागतो. काही कॅप्टन देतात. मी एका ज्येष्ठ वैमानिकांबरोबर उडत असे, ते ब्रीफिंगमध्ये सगळ्यांत नव्या मुलीकडे बघून म्हणायचे, "कान बसले, थंडी वाटली, दाराशी शिट्टीसारखा आवाज आला, काहीही असो, मला सांगायचं. दहा वेळा काहीच नसलं तरी अकराव्यांदा सांगायचं." आणि मुली सांगायच्या. बहुतेक वेळा खरंच काही नसायचं, आणि ते प्रत्येक वेळी "थँक यू" म्हणायचे. त्या दिवशी सांगलीच्या मुलीने मला विचारलं, कारण मला विचारायला तिला भीती वाटली नाही. मीच नवी असते आणि समोर कुणी खेकसणारं असतं तर ते वाक्य तोंडातून बाहेर आलं असतं का, याचा मी खूप विचार केला आहे.

आणखी एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. विमान सुटण्याआधीच्या सुरक्षेच्या सूचना इंग्रजी आणि हिंदीतून होतात. पुण्याच्या विमानात खूप आज्या असतात, पहिल्यांदा एकट्याने निघालेल्या, ज्यांना दोन्ही भाषा धड कळत नाहीत. मास्क ओढावा लागतो, नुसता धरून उपयोग नाही. नाक आणि तोंड दोन्ही झाकायचं. पिशवी फुगली नाही तरी चालेल. एवढी तीन वाक्यं त्यांना मराठीत सांगितली पाहिजेत. 2018 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या साउथवेस्टच्या विमानाची खिडकी फुटली, तेव्हा एका प्रवाशाने काढलेल्या फोटोत बहुतेकांचे मास्क फक्त तोंडावर होते, नाक उघडंच. तेही इंग्रजी समजणारे लोक. आमच्या नियमात नाही, पण मी दारात उभी असताना नऊवारीतली एखादी आजी आत आली की तिला जागेवर बसवताना वर बोट दाखवून मराठीत सांगते. त्याला अर्धं मिनिट लागतं.

आता मी सीनियर म्हणून जाते तेव्हा ब्रीफिंगमध्ये ते कॅप्टनचं वाक्य स्वतः म्हणते. नव्या मुलांना विचारते, "तुझे कान बसले तर पहिल्यांदा कोणाला सांगशील?" बरेच जण "तुम्हाला" म्हणतात. मी म्हणते, मी जवळ नसले तर? मग ते "कॉकपिटला" म्हणतात, जरा चाचरत. गेल्या महिन्यात एका मुलाने लगेच, न चाचरता सांगितलं आणि शेजारच्या मुलीला म्हणाला, "आणि तू माझ्याकडे बघत राहा." उड्डाणानंतर तासाभराने त्याने खरंच कॉकपिटला कॉल केला. मागच्या दाराशी शिट्टी वाजत होती. कॅप्टनने दाबाचे आकडे पाहिले, सगळं ठीक होतं. दाराची कड तपासायची नोंद केली आणि त्याचे आभार मानले. मुलगा परत येऊन चहा द्यायला लागला.